घरचा लॅपटॉप घरींच उघडतांना

शिवणयंत्राचा पट्टा तुटला, घड्याळाचा लंबक थांबला किंवा विजेचा दिवा लागेनासा झाला, म्हणजे घरांतील कोणी ना कोणी हत्यार घेऊन पुढें सरसावतो. लॅपटॉपच्या बाबतींत मात्र सुशिक्षित माणूसही बिचकतो. ती एक बंद पेटी. आंत काय आहे हें ठाऊक नसतें, आणि अज्ञात वस्तूची भीति वाटणें साहजिकच आहे. ही भीति कोठें अनाठायी आहे आणि कोठें ती राखलीच पाहिजे, हें समजून घेणें हा आजच्या भाषणाचा हेतु.

मीरा-भाईंदरमधील एखादें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. जुलैचा महिना, बाहेर संततधार. घरांतील सात वर्षांचा लॅपटॉप एके दिवशीं सुरूच होईना. कळ दाबतांच दिवा लागे, पंखा क्षणभर घुरघुरे, पण पडदा काळाच. नव्या यंत्रास पैसा लागतो हें खरें. परंतु या घरापुढची अडचण निराळी होती. गेल्या सालीं वारलेल्या आजीच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या त्या यंत्रांत होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंच नव्हती. कॉलेजांत जाणाऱ्या नातवानें स्क्रू-ड्रायव्हर हातीं घेतला, तेव्हां वडील एवढेंच म्हणाले, “यंत्र गेलें तर जाऊं दे, बाळ, आजीचा आवाज जातां कामा नये.”

या एका वाक्यांत दुरुस्तीचा पहिला नियम आला. यंत्र वेगळें आणि त्यांतील संग्रह वेगळा. पडदा काळा झाला म्हणजे संग्रह नष्ट झाला असें नव्हे. तो हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतो, आणि ती सुटी असल्यास बाहेर काढून दुसऱ्या संगणकास जोडतां येते. मात्र नवीन यंत्रांत हा संग्रह पुष्कळदां सांकेतिक कुलुपांत असतो. त्याची किल्ली, म्हणजे लांबलचक अंकांचा संकेत, अगोदर शोधून ठेवावी. शिवाय कित्येक पातळ यंत्रांत हे भाग मुख्य फलकावरच डाग देऊन पक्के केलेले असतात. तेथें घरगुती हाताचें कांहीं चालत नाहीं.

उघडण्यापूर्वीं चार्जर काढावा. स्क्रू काढतांना कागदावर यंत्राचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागीं चिकटवून ठेवावा. कारण त्यांची लांबी सारखी नसते, आणि लांब स्क्रू आंखूड जागीं पिळला तर तो आंतील फलक फोडतो. एखादा स्क्रू रबरी पायाखालींही दडलेला असतो. झांकण निघेना म्हणून जोर करूं नये; जोर करावा लागतो तेथें बहुधा एक स्क्रू विसरलेला असतो.

झांकण निघालें आणि नातवाचा हात थांबला. बॅटरीची एक बाजू पुरीसारखी फुगली होती. लिथियम-आयन बॅटरी इ. स. १९९१ मध्यें बाजारांत आली आणि तिच्या जनकांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण हा गुणी पदार्थ जुना झाला म्हणजे आंतील द्रवाचें विघटन होऊन वायु सांचतो. अशी बॅटरी टोंचली, वाकविली किंवा दाबली तर ती पेट घेऊं शकते. येथें भीति राखलीच पाहिजे. या यंत्रांतील बॅटरी स्क्रूंनीं बसविलेली होती, म्हणून जोडणी सोडवून ती अलगद उचलतां आली. ती चिकटविलेली असती, तर झांकण लावून जाणत्या कारागिराकडे जाणें हेंच शहाणपण ठरलें असतें. बॅटरी काढल्यावर त्यानें सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरली. त्यानें आंत उरलेली वीज निघून जाते.

आतां दुसरा शत्रु, अंगावरील स्थिर वीज. नायलॉनच्या कपड्यांच्या घर्षणानें अंगावर जो विद्युद्भार सांचतो, तो माणसाला जाणवतही नाहीं, पण नाजूक चिप निकामी करूं शकतो. दमट हवेंत हा भार आपोआप झिरपून जातो. म्हणून नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यापेक्षां भाईंदरच्या पावसाळ्यांत धोका कमी. तरीही आंत हात घालण्यापूर्वीं धातूच्या नळाला स्पर्श करण्याची संवय चांगली.

परंतु जी हवा एका हातानें तारते, तीच दुसऱ्या हातानें मारते. या गांवाच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र, आणि भाईंदरचीं मिठागरें तर प्रसिद्धच. खारट दमट हवेनें धातूच्या जोडांवर सूक्ष्म पुट चढतें. रॅम नांवाची जी स्मरणपट्टी असते, तिच्या डीडीआर-४ जातींत एका कडेला २६० संपर्कबिंदु असतात. त्यांतील थोडे जरी नीट टेंकले नाहींत तरी पडदा काळा राहतो. नातवानें दोन्ही बाजूंच्या चिमट्या फांकविल्या, तशी पट्टी तिरपी वर आली. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा कडेवरून फिरवून, ती वाळल्यावर त्यानें परत बसविली व चार्जर जोडला. पडदा काळाच! नवशिक्याची नेहमींची चूक झाली होती. पट्टी पुरती आंत गेलीच नव्हती. चार्जर पुन्हां काढून, पट्टी तिरपी आंत सरकवून, चिमट्या टक्कन् लागेपर्यंत त्यानें ती खालीं दाबली. या वेळीं पडद्यावर उजेड आला.

त्यानें प्रथम काय केलें? ओव्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं उतरविल्या. बाकी सारें मागाहून. दुसऱ्या दिवशीं पंख्याची पाळी आली. पंखा व तांब्याच्या पातळ पत्र्या यांच्यामध्यें धुळीची जणूं गोधडीच झाली होती, म्हणून यंत्र तापून मध्येंच बंद पडे. पातीं बोटानें धरून ती धूळ ब्रशानें काढली. पातीं मोकळीं ठेवून जोराची हवा सोडल्यास पंखा भलत्या वेगानें फिरून बिघडतो.

फुगलेली बॅटरी केराच्या टोपलींत टाकूं नये. तिच्यासाठीं भारतांत २०२२ सालीं स्वतंत्र नियम झाले असून, जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्याच वर्षीं ग्राहकांस दुरुस्तीचा हक्क मिळावा म्हणून केंद्र सरकारनें समितीही नेमली. वस्तु विकत घेणाऱ्यास ती दुरुस्त करतां यावी, हा विचार आतां घरगुती राहिलेला नाहीं.

या प्रसंगांत नातू कारागीर झाला नाहीं, आणि व्हावयाचेंही कारण नव्हतें. धूळ, सैल जोड व विसरलेला स्क्रू हीं कामें घरच्या हातांचीं. फुगलेली बॅटरी व डाग दिलेले भाग हीं जाणत्या हातांचीं. आणि यंत्र उघडण्याची वेळ येण्यापूर्वींच जें काम करावयाचें, तें तर पोरसवदा माणसालाही जमण्यासारखें आहे: जी वस्तु पुन्हां मिळणार नाहीं, तिची दुसरी प्रत आजच काढून ठेवावी.