ॲटलासची पडताळणी : हॅश कुठवर आणि का (लेखांक सहावा)

मागच्या लेखांकात आपण पाहिले, की एमपेगच्या इमर्सिव्ह व्हिडिओ मानकात, म्हणजे ‘एमआयव्ही’त, सगळ्या कॅमेऱ्यांची दृश्ये जशीच्या तशी पाठवत नाहीत. भिंतीचा एकच भाग पाच कॅमेऱ्यांत दिसत असेल तर तो एकदाच ठेवायचा, इतर कॅमेऱ्यांतून जे नवे दिसते तेवढे तुकडे, म्हणजे पॅच, कापून घ्यायचे आणि ते सारे एका मोठ्या चित्रात, ॲटलासमध्ये, दाटीने बसवायचे. हा ॲटलास एचईव्हीसीसारख्या नेहमीच्या कोडेकमधून जातो; रंगांचा प्रवाह वेगळा, खोलीचा वेगळा. सोबत प्रत्येक पॅचची नोंद असते : तो कोणत्या कॅमेऱ्याचा, तिथली त्याची जागा कोणती, ॲटलासमध्ये तो फिरवून ठेवला आहे का. या साऱ्यावरून रेंडरर प्रेक्षकाच्या नजरेसमोरचे दृश्य रचतो. इतक्या लांब साखळीत डीकोडर चुकला तर ते कळावे कसे? मानक जिथवर एकच एक उत्तर मागते, तिथवर प्रत्येक टप्प्यावर हॅश, म्हणजे साऱ्या डेटावरून काढलेला छोटा पडताळणीचा आकडा, ताडून पाहावा आणि त्यापुढे हॅशकडून काही अपेक्षा ठेवू नये, असे माझे मत आहे.

डोळ्यांवर किंवा सरासरीवर विसंबणे किती फसवे आहे, ते आधी पाहू. १९२० × १०८० च्या चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात. समजा, त्यातला १६ × १६ चा एकच ठोकळा चुकला आणि त्यातल्या २५६ पिक्सेलांचे मूल्य २५५ पैकी तब्बल ५० ने ढळले. चुकांच्या वर्गांची सरासरी काढली तर ती जेमतेम ०.३१ येते आणि तिच्यावरून निघणारे दर्जाचे माप, पीएसएनआर, ५३ डेसिबलच्या वर जाते. चित्रात ठसठशीत डाग आहे आणि आकडा मात्र उत्तम दर्जाची ग्वाही देतो. शिवाय व्हिडिओत पुढची फ्रेम मागच्या फ्रेमवरून बांधली जाते. आज न दिसणारी एका बिटाची चूक स्वतंत्रपणे कोडलेली पुढची फ्रेम येईपर्यंत साचत राहते. हॅश अशी सवलत देत नाही. एक बिट बदलला तरी मूल्य जुळत नाही, आणि न जुळणारी पहिली फ्रेम हाती लागली की दोष शोधण्याचे अर्धे काम तिथेच होते.

ही काटेकोर तपासणी पूर्वी शक्यच नव्हती. एमपेग-२ मध्ये उलट डीसीटी हे गणिती रूपांतर किती अचूक हवे याची मर्यादा आयईईई ११८० ने घालून दिली होती, पण शेवटचा बिटही सारखाच हवा असे बंधन नव्हते. त्यामुळे दोन निर्दोष डीकोडरांची चित्रे किंचित वेगळी येऊ शकत. २००३ च्या एच.२६४ ने पूर्णांकी रूपांतर आणले आणि उत्तर एकच ठरले. २०१३ च्या एचईव्हीसीत तर प्रत्येक चित्राचा हॅश प्रवाहासोबतच पाठवण्याची सोय आहे : एमडी५, सीआरसी किंवा चेकसम.

मग तोच हॅश ॲटलासच्या व्हिडिओला लावून भागणार नाही का? नाही, आणि या विषयातली खरी मेख इथेच आहे. दोन्ही प्रवाह बिटाबिटाने अचूक उलगडले, पण पॅचच्या नोंदीतला कॅमेऱ्याचा क्रमांक चुकीचा वाचला गेला, तर चित्राचा हॅश जुळेल आणि खुर्चीचा हात मात्र हवेत भलतीकडेच तरंगेल. म्हणून एमआयव्ही ज्यावर उभे आहे त्या ‘व्ही-थ्री-सी’ मानकात उलगडलेल्या ॲटलासच्या माहितीचे, आणि ॲटलासचा कोणता ठोकळा कोणत्या पॅचचा या नकाशाचेही, वेगळे हॅश पाठवता येतात. ॲटलासच्या एका भागापुरता, म्हणजे टाइलपुरता, हॅशही काढता येतो. त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली ते कळते. अर्थात, कोणते आकडे कोणत्या क्रमाने आणि किती बाइटांत मांडायचे हे मानकाने पक्के केले असेल तरच दोन हॅशांची तुलना करण्यात अर्थ आहे.

यावर आक्षेप येतो, की प्रेक्षक ॲटलास पाहत नाही, अंतिम दृश्य पाहतो. मग हॅश त्याचाच घ्यावा. पण रेंडरिंगची रीत एमआयव्हीने बंधनकारक केलेलीच नाही. वेगवेगळे ग्राफिक्स प्रोसेसर दशांशांची आकडेमोड किंचित वेगळी करतात; तिथे हॅश लावला तर निर्दोष डीकोडरही नापास होतील. त्या टप्प्याला गुणवत्तेचे मापच योग्य, आणि तेही आतला डेटा बरोबर असल्याची खात्री झाल्यावर. दुसरा आक्षेप एमडी५ भेदला गेल्याचा. २००४ मध्ये त्याच्या टकरी दाखवल्या गेल्या, हे खरेच. पण तो धोका मुद्दाम दोन वेगळ्या फायलींचा हॅश सारखा घडवणाऱ्याचा. प्रोग्रामरची चूक असा डाव रचत नाही. सोळा बिटांच्या सीआरसीतूनही यादृच्छिक चूक निसटण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक एवढीच असते.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. प्रवाहातला हॅश एन्कोडरनेच काढलेला असतो. मानकातले एखादे कलम एन्कोडर आणि डीकोडर दोघांनीही सारखेच चुकीचे वाचले, तर हॅश बिनचूक जुळतील. एकाच गटाने दोन्ही प्रोग्राम लिहिले असतील तर असे घडणे मुळीच अवघड नाही. म्हणून अनुरूपतेच्या चाचणीसाठी ठेवलेला प्रत्येक प्रवाह, तो बनवणाऱ्यांशी संबंध नसलेल्या आणि केवळ मानकाचा मजकूर वाचून लिहिलेल्या डीकोडरमधून एकदा तरी जायला हवा, आणि तिथले हॅश जुळल्यावरच तो संचात घ्यायला हवा.