एकट्याची कनू, लेखांक ६ : कार्बनचे वल्हे

एकट्याने करावयाच्या कनूप्रवासात नाव आणि वल्हे ही दोन मुख्य साधने असली, तरी खरेदीच्या वेळी बहुतेकांचे लक्ष आणि पैसा नावेवरच खर्च होतो आणि वल्हे मागाहून, उरल्यासुरल्या रकमेत उरकले जाते. वस्तुतः दिवसभर हातात असते ते वल्हेच, त्यामुळे त्याच्या निवडीतील चूक नावेच्या निवडीतील चुकीइतकीच, किंबहुना थोडी अधिकच भोवते. येथे वल्हे म्हणजे नावेच्या काठावरील खुंटीला अडकवून पाठमोरे बसून ओढावयाचे वल्हे नव्हे, तर कोणत्याही आधाराविना दोन्ही हातांत धरून पुढे तोंड करून चालवावयाचे, एका टोकास पाते आणि दुसऱ्या टोकास मूठ असलेले वल्हे अभिप्रेत आहे. असे वल्हे कार्बन तंतूंचे असावे काय, असावे तर कोणत्या घडणीचे, हा या लेखांकाचा विषय आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर सीमेवर बाउंडरी वॉटर्स हा दहा लाख एकरांहून मोठा आणि हजाराहून अधिक सरोवरांचा संरक्षित वनप्रदेश आहे. तेथील बहुतेक सरोवरांवर मोटरबोटींना मज्जाव असल्यामुळे कनू हेच तेथे प्रवासाचे खरे वाहन ठरते. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना नाव खांद्यावर आणि सामान पाठीवर घेऊन मधली पायवाट तुडवावी लागते, तिला ‘पोर्टेज’ म्हणतात, आणि तिची लांबी नकाशावर आजही ‘रॉड’ या जुन्या मापात, म्हणजे साडेसोळा फुटांच्या किंवा साधारण एका कनूएवढ्या लांबीच्या पटीत दाखविली जाते. हलक्या सामानाचा आग्रह याच पायवाटांनी निर्माण केला. तथापि वल्ह्याच्या बाबतीत पोर्टेजचा युक्तिवाद फारसा टिकत नाही. केव्हलार या कृत्रिम तंतूची, एकट्यासाठी बांधलेली कनू साधारण 15 ते 18 किलो भरते आणि तिच्या जोडीला तंबू, शिधा व भांडी असतात, तेव्हा 600 ग्रॅमांच्या लाकडी वल्ह्याऐवजी 300 ग्रॅमांचे कार्बनचे वल्हे घेतल्याने खांद्यावरचा भार कमी झाल्याचे कोणाच्याही ध्यानात येणार नाही. फरक पडतो तो पाण्यावर.

पाते पाण्यात रोवणे, ते मागे ओढणे, वर काढणे आणि हवेतून पुन्हा पुढे नेणे या सर्व क्रियांचा मिळून वल्ह्याचा एक फटका होतो. मिनिटाला 45 फटके ही सरोवरातील संथ चाल धरली, तरी पाच तासांत 13,500 फटके होतात, आणि प्रत्येक फटक्यामागे 300 ग्रॅम वाचले तर दिवसाअखेर चार टनांहून अधिक वजन उचलावयाचे वाचले, असा हिशेब मांडला जातो. आकडा खरा असला, तरी त्यातून निघणारा अर्थ फसवा आहे. वल्हे दर वेळी जेमतेम हातभर उचलले जाते, त्यामुळे या चार टनांचे ऊर्जेत रूपांतर केले आणि वल्हे पुढे ढकलण्यासाठी लागणारी शक्ती व स्नायूंची अपुरी कार्यक्षमता हिशेबात धरली, तरी दिवसाची बचत अर्ध्या पोळीइतकीही भरत नाही. हलक्या वल्ह्याचा लाभ शिध्यात न मोजता सांध्यांत मोजावयास हवा. वल्हे हवेतून पुढे नेताना खांद्याचे आणि मनगटाचे लहान स्नायू राबतात, ते पाठीच्या मोठ्या स्नायूंच्या कितीतरी आधी थकतात, आणि थकल्यावर फटक्याची लय बिघडते. म्हणूनच एकूण वजनापेक्षा ते वल्ह्याच्या कोणत्या भागात आहे हे महत्त्वाचे ठरते, कारण पात्याकडील 50 ग्रॅम मुठीकडील 50 ग्रॅमांहून पुष्कळच जड वाटतात. विक्रेत्याच्या पत्रकात हा तपशील सहसा नसतो. वल्हे आडवे धरून दोन-चारदा झुलविल्याशिवाय तो समजत नाही.

एकट्या प्रवाशाच्या बाबतीत हलक्या वल्ह्याच्या बाजूने आणखी एक कारण जोडले जाते. दोघांच्या कनूत एक जण उजवीकडून आणि दुसरा डावीकडून वल्हे मारतो आणि नाव सरळ राहते, परंतु एकट्याचा प्रत्येक फटका नावेचे तोंड विरुद्ध बाजूस वळवितो. यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिला म्हणजे फटक्याच्या शेवटी पाते नावेपासून बाहेरच्या दिशेस ढकलून तोंड पूर्ववत आणणे. इंग्रजी जे अक्षरासारख्या या हालचालीस ‘जे स्ट्रोक’ म्हणतात, आणि गुडघ्यांवर बसून सरळ दांड्याच्या लाकडी वल्ह्याने ती करणे ही कॅनडातील जुनी, देखणी परंपरा आहे. दुसरा उपाय म्हणजे नाव वळू लागताच वल्ह्याची बाजू बदलणे. मिनेसोटातील शर्यतपटू आणि नावांचे रचनाकार युजीन जेन्सन यांनी ही बाजू-बदलाची पद्धत शर्यतींत रुजविली. या पद्धतीत बैठक आसनावर असते, फटके आखूड आणि जलद असतात, आणि सहा-आठ फटक्यांनंतर वल्हे डोक्यासमोरून पलीकडे जाते. दिवसातून शेकडो वेळा असे पलीकडे जाणारे वल्हे हलके असणे ही चैन उरत नाही.

वाकड्या दांड्याचे वल्हेही जेन्सन यांनीच 1970 च्या दशकाच्या आरंभी प्रचारात आणले. त्यात दांडा जेथे पात्याला मिळतो, त्या मानेपाशी पाते पुढच्या दिशेस सुमारे 12 अंशांनी कललेले असते. सरळ वल्ह्याचे पाते कमरेच्या मागे गेले की पाणी मागे ढकलण्याऐवजी वर उचलू लागते आणि तेवढी शक्ती नाव खाली दाबण्यात वाया जाते, तर कललेले पाते फटक्याच्या उत्तरार्धातही उभेच राहते. नवशिके हे वल्हे हटकून उलटे धरतात, कारण पाते आपल्याकडे झुकलेले असले की पाणी जणू ओंजळीत धरून ओढता येईल, असा भास होतो. कोनाचे टोक वल्हे मारणाऱ्याकडे आणि पाते त्याच्यापासून पुढे झुकलेले, ही खरी पकड होय. या वल्ह्याने जे स्ट्रोक अवघड जातो, म्हणून ज्याला गुडघ्यांवर बसून एकाच बाजूने वल्हे मारावयाचे आहे, त्याने कार्बनच्या मोहात पडून वाकडे वल्हे घेऊ नये. साहित्याची निवड वल्हे मारण्याच्या पद्धतीनंतर येते.

लांबीचा नियम असा, की पाते मानेपर्यंत पाण्यात बुडाले असता मुठीवरचा हात हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान यावा. आसनावर बसून वापरावयाच्या वाकड्या वल्ह्याची लांबी बहुधा 48 ते 52 इंच, म्हणजे 122 ते 132 सेंटिमीटर असते आणि सरळ वल्हे याहून काही इंच लांब लागते. उंच माणसाला लांब वल्हे हा ठोकताळा पुरेसा नाही. पाण्यापासून आसन किती उंच आहे, यावरही बरेच अवलंबून असते, म्हणून आपल्याच नावेत, सामानासह बसून, मागून आणलेल्या साध्या लाकडी वल्ह्याने माप घ्यावे आणि मगच महागड्या वल्ह्याची मागणी नोंदवावी. शर्यतीच्या घडणीच्या काही कार्बन वल्ह्यांची मूठ उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने बसविलेली असते, ती काढून दांडा थोडा कापता येतो. आखूड झालेला दांडा मात्र वाढत नाही. पाते सुमारे 20 सेंटिमीटर रुंद असले की पुरे, कारण मोठे पाते वेग लवकर देत असले, तरी सायंकाळपर्यंत खांद्यांकडून त्याची वसुली करते.

कार्बन तंतू बहुतांशी पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून तयार होतो. तो धागा हवेविना 1000 अंश सेल्सिअसहून अधिक तापविला की इतर मूलद्रव्ये निघून जातात आणि केसाच्या दहाव्या भागाएवढा बारीक, जवळपास निव्वळ कार्बनचा तंतू उरतो. या तंतूंचे कापड इपॉक्सी या राळेत भिजवून घट्ट केले जाते. दांडा आतून पोकळ नळीसारखा असतो आणि पात्यात कठीण फोमचा गाभा. तंतूच्या दिशेने हे द्रव्य विलक्षण ताठ व बळकट असते, पण त्याला आडवा, टोकदार मार सोसत नाही. उथळ ओढ्यात दोन दगडांमध्ये पाते रुतवून नाव पुढे रेटली, की लाकूड वाकते, करकरते, पोचे पडतात आणि मोडण्याआधी इशारा मिळतो. कार्बनचे पाते बाहेरून धड दिसत असताना आतून थर सुटलेले असू शकते. नाण्याने हलकेच ठोकल्यावर एखाद्या जागी टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तेथे थर सुटले असे समजावे. शर्यतीसाठी केलेली, 250 ते 280 ग्रॅमांची अतिहलकी वल्ही म्हणूनच प्रवासाला योग्य नव्हेत. त्यांची भिंत पातळ असते, आणि 50 ग्रॅम अधिक वजनाच्या, कडेला जादा थर दिलेल्या वल्ह्याने जो टिकाऊपणा मिळतो, तो रानात पहिल्याच खडकाळ घाटावर उपयोगी पडतो. लाकडी वल्ह्याच्या दोन ते चारपट किंमत मोजावयाची असेल, तर हा विचार टाळता येणार नाही.

दोन्ही टोकांस पाती असलेले, कायाकसारखे वल्हे हा पर्याय एकट्या प्रवाशांत जुना आहे. ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स 1883 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक सरोवरांतून फिरले, ते जे. हेन्री रश्टन यांनी बांधलेल्या, पाच किलोहूनही हलक्या ‘सेअरी गॅम्प’ या कनूत बसून, आणि त्यांच्या हाती दुपाती वल्हेच होते. समोरच्या वाऱ्यात आणि नवशिक्याच्या हातात हे वल्हे नाव सरळ ठेवते. परंतु रुंद कनूसाठी ते 230 ते 260 सेंटिमीटर लांब लागते, कार्बनचे घेतले तरी एकपाती वल्ह्याच्या दुप्पट वा अधिक भरते आणि प्रत्येक फटक्यास मांडीवर पाणी ठिबकविते. अरुंद, खोलगट बैठकीच्या लहान कनूत ते शोभते. उंच आसनाच्या प्रवासी कनूत त्याचा सोस न केलेलाच बरा.

एकट्याजवळ दुसऱ्याचे वल्हे नसते, म्हणून सुटे दुसरे वल्हे नावेत असावेच लागते, आणि ते सरळ दांड्याचे, लाकडी असणे सर्वांत सोयीचे. खोल सरोवरात कार्बन, ओढ्यात, खळाळात आणि काठ गाठताना लाकूड, अशी वाटणी केली की दोन्ही वल्ह्यांचे गुण वापरात येतात आणि कार्बनचे आयुष्य वाढते. दुसरे वल्हे आसनापुढे हात पोचेल असे, एका झटक्यात सुटेल अशा लवचीक दोरीने अडकवावे, कारण नाव उलटल्यावर गाठ सोडीत बसण्यास वेळ नसतो. इपॉक्सीचा कडक उन्हाने हळूहळू क्षय होतो, तेव्हा मुक्कामी वल्हे उघड्यावर टाकण्यापेक्षा उपड्या नावेखाली ठेवावे. तेथे त्यावर पायही पडत नाही. काळे वल्हे पोर्टेजच्या टोकाला झाडाला टेकवून ठेवले, की दुसऱ्या फेरीत सावलीत दिसत नाही आणि तेथेच राहून जाते. त्यामुळे दांड्याला, मुठीखाली जेथे हात पडत नाही अशा जागी, नारिंगी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. त्यांनी वजनात एखाद-दोन ग्रॅमांचीच भर पडते.