वाफेच्या नळाचा उतार
न्यूयॉर्क, बॉस्टनकडील अनेक जुन्या घरांत हिवाळ्यात मध्यरात्री भिंतीआड घणाचे ठोके ऐकू येतात. दोष बिचाऱ्या बॉयलरवर येतो. तो बदलला तरी ठोके सुरूच! एकनळी पद्धतीत वाफ ज्या नळाने वर चढते, त्यानेच निवून झालेले पाणी खाली उतरते. त्यासाठी नळाला उतार हवा. घर खचून नळ मध्ये झुकला की तेथे पाणी साचते, आणि वेगाने येणारी वाफ ते उचलून वळणावर आपटते. दाब वाढविणे हा त्यावर उपाय नव्हेच. अधिक धोका परतीच्या नळाचा. तो तळाशीच जोडलेला असून गळू लागला, तर बॉयलर रिता होऊन तापतो व तडकतो. तो नळ पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, वळसा देऊन जोडावा, असा आग्रह हार्टफर्ड येथील बॉयलर-विमा कंपनीने १९१९ मध्ये धरला. घाईचा कारागीर मात्र हाच वळसा गाळतो.