आधी आडोसा, मग अंगण

हिरवळीवर आणून सोडलेला पाळीव ससा बऱ्याचदा पहिली काही मिनिटं जागचा हलतच नाही. पोट जमिनीला घट्ट टेकलेलं, कान पाठीवर चपटे, डोळे ताणलेले आणि एरवी सतत फुरफुरणारं नाक थांबलेलं. 'किती शांत बसलाय बघा,' म्हणत घरची मंडळी फोटो काढतात. प्रत्यक्षात तो भीतीने थिजलेला असतो. घरातल्या सशाला बाग दाखवावी, हवा-ऊन द्यावं, ही इच्छा चांगलीच आहे. पण बाग किती मोठी, हिरवळ किती दाट, याचा विचार आपण आपल्या नजरेने करतो. सशाचा पहिला प्रश्न वेगळा असतो: संकट आलं तर शिरायचं कुठे? त्याचं उत्तर जवळ असेल तरच त्याला बागेचं सुख. नसेल तर दहा गुंठ्यांची बागही त्याच्यासाठी उघडं मैदान.

इथे आपली भाषा थोडा घोटाळा करते. माळावर दिसणारा तो ससा आणि घरातला पांढरा तोही ससाच. दोन्ही प्राणी मात्र वेगळे. माळावरचा ससा झुडपाखालच्या उथळ खळग्यात राहतो, धोका दिसला की वेगाने पळत सुटतो आणि त्याची पिल्लं केसाळ, उघड्या डोळ्यांची जन्मतात. (1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो पाळता येत नाही, हे जाता जाता सांगायला हवं.) पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीत बिळं खणून कळपाने राहणारे. त्यांची पिल्लं उघडी, मिटल्या डोळ्यांची, बिळातच वाढणारी. हे ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर येतात, बिळाच्या आसपास चरतात, एकाने मागचा पाय जमिनीवर आपटून इशारा दिला की सगळे बिळात गडप. लांब पळत सुटणं हा त्यांचा मार्गच नव्हे. म्हणून 'निसर्गात राहतातच की, द्या सोडून' हा युक्तिवाद अर्धाच राहतो. निसर्गात त्यांच्यापाशी बीळ असतं, आपल्या हिरवळीवर ते नसतं. पाठीवर पान पडल्यावर 'आभाळ पडलं' म्हणत पळणाऱ्या गोष्टीतल्या सशाला आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो. वरून झडप घालणाऱ्या घारीचा विचार केला, तर तो अगदीच वेडा नव्हता.

मग घरातच ठेवावा, कशाला ही जोखीम, असंही कुणी म्हणेल. याला वजन आहे, पण घरही सशाला फारसं मानवत नाही. त्याच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. गुळगुळीत टाइल्सवर ते पाय फाकतात, म्हणून तो धावणंच सोडतो. पिंजऱ्यात बसून राहणाऱ्या सशाची हाडं ठिसूळ होतात. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत तासन्‌तास रवंथ केल्यासारखं चघळलं तरच ते झिजतात. हरळी स्वतः कुरतडून खाण्याची सर गाजराला येत नाही. शिवाय माती उकरणं, उंच उडी मारून हवेतच अंग वळवणं, हे दिवाणखान्यात कुठून जमायचं?

तेव्हा बाग द्यावी, पण कुंपणासकट. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन ही संस्था सशांच्या जोडीला राहण्यासाठी किमान 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच जागा सुचवते. बागेतल्या तात्पुरत्या कुंपणालाही हे माप डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी ससा दातांनी तोडतो. वेल्डिंगची जाळी घ्यावी, वरूनही झाकावी आणि खाली फूटभर जमिनीवर आडवी पसरावी, म्हणजे तो उकरून निसटत नाही. आत पुठ्ठ्याचं खोकं ठेवावं, पण त्याला दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाच्या खोक्यात शिरलेला ससा कोंडीत सापडतो. 'आम्ही शेजारीच बसलेले असतो' हे कारण पुरत नाही. मांजर, मुंगूस, भटकं कुत्रं किंवा घार आपण खुर्चीतून उठेपर्यंत थांबत नाही. कुत्रं जाळीबाहेर नुसतं भुंकलं तरी सशाला जबर धक्का बसतो. गळ्याला वा अंगाला पट्टा बांधून फिरवण्याची हौसही टाळलेली बरी. मांजराचा सांगाडा वजनाच्या 12-13 टक्के असतो, सशाचा जेमतेम 7-8. पट्ट्यात अडकून त्याने घाबरून लाथ झाडली, तर त्याचंच कंबरडं मोडू शकतं.

आपल्याकडे सर्वांत मोठा शत्रू मात्र ऊन. सशाला घाम येत नाही, धापा टाकून गार होणंही त्याला नीट साधत नाही. अंगातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांतून. पारा तिशीपलीकडे गेला की त्याच्या जिवाला धोका सुरू होतो. तोंड उघडं टाकून श्वास घेतोय, कान तापलेत, अंग सैल पडलंय, असं दिसलं तर सावलीत आणून कान साध्या गार पाण्याने ओले करावेत, बर्फ लावू नये, आणि पशुवैद्य गाठावा. सकाळी लवकर आणि संध्याकाळी नेणं त्याच्या स्वभावालाही जुळतं. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये तर संध्याकाळचीही जमीन तापलेली असते, तेव्हा बाग बंदच ठेवावी. कण्हेर, बिट्टी, घाणेरी, कळलावी यांच्या जवळपास कुंपण नको. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं विष बाहेर पडायची ती वाटही बंद. कीटकनाशक मारलेली हिरवळ आणि यंत्राने कापून साठवलेलं, आंबू लागलेलं गवत तितकंच वाईट. पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं. आत आणल्यावर शेपटी उचलून खालचे केस बघायचे. ते ओले, घाणेरडे राहिले तर माश्या तिथे अंडी घालतात आणि दिवसाच्या आत अळ्या कातडीत शिरतात.