पोटात जाऊन किणकिणणारी तार

कंपासपेटीतली पट्टी काढा आणि तिच्यावरची सगळ्यात बारीक दोन घरं मोजा. झाले २ मिलिमीटर. साधारण एवढ्याच जाडीची, पण चांगली लांबलचक अशी एक तार डॉक्टर माणसाच्या तोंडातून आत सोडतात. ती अन्ननलिका, जठर असं करत करत थेट पित्तनलिकेत शिरते आणि तिथे आवाज करते! (घाबरू नका, पेशंटला आधी गुंगीचं औषध दिलेलं असतं.)

आता तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप कशाला? पोटावर गारेगार जेल चोपडून सोनोग्राफी करतात की!

करतात ना. पण पित्तनलिका बसलीय कुठे ते बघा. आपलं यकृत रोज पाऊण-एक लिटर पित्त तयार करतं. हा हिरवट-पिवळा, कडूजहर रस तूप-तेल पचवायला लागतो. यकृतातून तो एका नळीने लहान आतड्यात उतरतो. ही नळी जेमतेम ६ मिलिमीटर रुंद आणि पोटात खोलवर दडलेली. तिच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो, तो कधी उघडतो, कधी घट्ट मिटून बसतो. इटलीतल्या रुग्गेरो ओड्डी नावाच्या मुलाने १८८७ साली या स्नायूवर लिहिलं, तेव्हा तो डॉक्टरकी शिकतच होता. स्नायूला आजही त्याचंच नाव आहे. परीक्षेच्या आधीच अख्खा स्नायू नावावर!

ही नळी तुंबली की पंचाईत. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि शी चक्क पांढुरक्या मातीच्या रंगाची होते. हसू नका, शीला तिचा रंग पित्तामुळेच मिळतो. नळीत खडा अडकला असेल, तिची भिंत सुजली असेल किंवा तिथे गाठ आली असेल. तिन्हींचे उपचार वेगवेगळे, म्हणून आधी नेमकं काय आहे ते कळायला हवं.

सोनोग्राफी आवाजाच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढते, आणि इथे आवाजाची एक खोड आडवी येते. गणपतीची मिरवणूक लांब असते तेव्हा काय ऐकू येतं? नुसता ढोल, धडाम् धुडुम्. झांजांची किणकिण ऐकायला मिरवणूक जवळ यावी लागते. बारीक आवाज वाटेतच विरतो. सोनोग्राफीचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण खोड तीच. पोटावरून करतात ती सोनोग्राफी सेकंदाला साधारण ३० ते ५० लाख कंपनांची. ती खोल पोचते, पण अगदी बारकावे तिला टिपता येत नाहीत. शिवाय आतड्यातला वायू मध्ये आला की चित्र गायब. तारेच्या टोकाचा आवाज मात्र सेकंदाला २ कोटी कंपनांचा असू शकतो. तो वटवाघळालाही ऐकू येणार नाही! त्यातून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे तपशील उमटतात, पण जेमतेम २ सेंटीमीटर गेला की तो दमतो. मग करायचं काय? त्यालाच उचलून जागेवर न्यायचं.

न्यायला पोटात घालायची दुर्बीण लागते. तिचा कॅमेरा पुढे नसतो, कडेला असतो, कारण पित्तनलिकेचं भोक आतड्याच्या कडेच्या भिंतीत असतं. दुर्बिणीच्या पोटातल्या पोकळ नळीतून आधी एक नाजूक वाटाड्या तार नलिकेत सरकवतात आणि तिच्यावरून आपली आवाजवाली तार. हिच्या टोकाशी इवलासा स्फटिक असतो. वीज दिली की तो थरथरतो आणि प्रतिध्वनी येऊन आपटला की उलट वीज देतो. दाबलेला स्फटिक वीज देतो हे १८८० साली जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं होतं. बाहेरची मोटर हा स्फटिक गरागरा फिरवते, त्यामुळे पडद्यावर नळीचा गोल काप दिसतो, चहूबाजूंनी.

आता खरी गंमत. एक्स-रेसाठी नळीत औषध भरतात, त्यात बारका खडा बुडून जातो आणि हवेचा बुडबुडा खड्याचं सोंग घेतो. पण या तारेसमोर सोंग टिकत नाही. खडा चमकतो आणि त्याच्या मागे काळीभोर सावली पडते, कारण आवाज त्याच्या पलीकडे जातच नाही. बुडबुड्यामागे अशी स्वच्छ सावली नसते. नळीची भिंत तर मिलिमीटरभरच जाड, तरी तिचे थर वेगळे दिसतात. थर नीट असतील तर ठीक, कुठे तुटलेले दिसले तर डॉक्टर सावध होतात. मात्र एखादी गाठ कर्करोगाची आहे का, हे नुसत्या चित्रावरून ठरवत नाहीत. तिथल्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्याच लागतात.

आणि या तारेला सगळ्यात जास्त धोका कुठे असतो माहितीये? दुर्बिणीच्याच टोकाशी. तिथली छोटी झडप तारेला वळवून भोकाकडे ढकलते. झडप जरा जास्त उचलली गेली की आतली फिरणारी दोरी तुटते आणि महागडी तार बाद.