सुईणीच्या हातून डॉक्टरच्या हाती

इजिप्तमध्ये मुलींचा खतना २००८ पासून गुन्हा आहे. २०१६ आणि २०२१ मध्ये शिक्षा आणखी कडक झाली. मात्र २०१४ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींचा खतना झालेला होता. खेड्यांत ९५ टक्के, शहरांत ८६. २०२१ च्या पाहणीत एकूण प्रमाण ८६ टक्क्यांवर उतरलं.

मुसलमान आणि कॉप्टिक ख्रिस्ती, दोघांतही ही प्रथा आहे. कुराणात किंवा बायबलमध्ये तिचा आदेश नाही. निर्णय बहुधा आई-आजीच घेतात. त्यांना निव्वळ अडाणी ठरवून मोकळं होता येत नाही. गावातल्या साऱ्या मुलींचा खतना होत असताना आपलीच मुलगी वेगळी ठेवली, तर तिचं लग्न जमेल का, हा त्यांचा हिशेब असतो.

पूर्वी हे काम सुईण किंवा न्हावी करी. आरोग्याच्या धोक्यांचा प्रचार वाढला, तसे लोक डॉक्टरकडे वळले. प्रथा राहिलीच, वर तिला दवाखान्याची प्रतिष्ठा मिळाली! २००७ मध्ये मिन्या प्रांतातली बारा वर्षांची मुलगी खतन्याच्या वेळी खासगी दवाखान्यातच दगावली. त्यानंतर इजिप्तचे तेव्हाचे प्रमुख मुफ्ती (धर्मशास्त्राचे अधिकारी) अली गोमा यांनी खतना निषिद्ध ठरवला.

याच प्रांतातल्या देर अल-बर्शा या कॉप्टिक गावाने मात्र १९९० च्या दशकातच प्रथा सोडायचं जाहीरपणे ठरवलं. त्या निर्णयात सुईणीही सामील होत्या.