शिळफाट्याला उतरा!

फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात बोन नावाचे एक जुने गाव आहे. तेथे १४४३ साली स्थापन झालेल्या धर्मार्थ रुग्णालयाची रंगीत कौले पाहायची, मग एखाद्या तळघरात शिरून द्राक्षमद्याची चव घ्यायची, यात प्रवाशाचा अख्खा दिवस जातो. चव घेण्याचीही रीत आहे. प्याला हलवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा. आणि जाणकार तर तो चक्क थुंकून टाकतात! घाई करणे एवढाच काय तो तेथे अपराध.

आता आपले पाहा. मुंबईहून पुण्याला जाताना खोपोली किती जणांनी पाहिली असेल? शिळफाट्यावर वडा घ्यायचा, गाडीतच संपवायचा, की लागलाच घाट! पण वाचकहो, एक दिवस येथे मुद्दाम उतराच.

सकाळी जवळच्या महडला वरदविनायकाचे दर्शन घ्यावे. अष्टविनायकांपैकी हा एक. देऊळ १७२५ साली रामजी महादेव बिवलकरांनी बांधले. तेथून खोपोलीत यावे. नाना फडणिसांनी बांधविलेले तळे आणि महादेवाचे देऊळ येथे आहे. तळ्याकाठी घटकाभर बसावे. मग डोंगरावरून उतरणारे ते प्रचंड नळ मुलांना दाखवावेत. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी त्यांतून टाटांच्या वीजघरात येते. १९१५ साली या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. वीज देऊन झाली की तेच पाणी पाताळगंगेला मिळते.

एके काळी येथे थांबल्यावाचून गत्यंतर नव्हते. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली. पुढचा घाट पालखीतून नाही तर बैलगाडीने चढावा लागे. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग झाला आणि खोपोली एका फाट्याचे शेवटचे स्टेशन होऊन राहिली. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि मोटारीही बाहेरून जाऊ लागल्या. गाव दोनदा बाजूला पडले. प्रवाशांचा वेळ वाचला, यात शंका नाही. मात्र तो वाचलेला वेळ कोठे ठेवला आहे, हे घरोघरच्या कर्त्या पुरुषांना एकदा विचारायला हवे!

दुपारी शिळफाट्यावर परतावे आणि वड्याला बोनची रीत लावून पाहावी. आधी वास घ्यावा. मग एकच घास, सावकाश. आले किती, लसूण किती, चटणीत खोबरे आहे की नुसतेच तिखट, यावर घरातल्या मंडळींनी खुशाल वाद घालावा. थुंकण्याची रीत तेवढी फ्रेंचांकडेच राहू द्यावी.

मुले विचारतील, "बाबा, पुणे केव्हा येणार?" त्यांना सांगावे, "आज पुण्याला जायचेच नाही. आपण येथेच आलो आहोत."